क्वेरी गायब, दवाखाना फुल्ल

वहिनी जनावरांची डॉक्टर आणि तिची नणंद घरी बसून प्रोग्राम लिहिणारी. एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही एवढं पाळल्यामुळे दोघींचं बरं जमायचं. पण लशीची आठवण करून देणारे मेसेज दवाखान्यातून आपोआप जावेत असं वहिनीच्या मनात आलं, नणंदेनं ते हौसेनं जमवून दिलं, आणि तिथून दोघींची नाकं एकाच ठिकाणी आली.

व्यवस्था सरळ होती. डेटाबेसमध्ये 'उद्याची लस' नावाची एक क्वेरी होती, म्हणजे तयार करून ठेवलेला प्रश्न: उद्या कुणाकुणाची लस आहे? प्रोग्राम रोज संध्याकाळी सगळे पेशंट समोर घ्यायचा, क्वेरीच्या उत्तराप्रमाणे नको ते गाळायचा आणि उरलेल्यांच्या मालकांना मेसेज धाडायचा.

वहिनीला आवराआवरीचं भारी वेड. एका निवांत दुपारी तिनं औषधांचे खण आवरले, कपाट आवरलं, तरी हात शिवशिवत होते म्हणून डेटाबेसही आवरायला घेतला. 'उद्याची लस' तिला अडगळ वाटली. कुठल्यातरी जुन्या उद्याची असणार, असा विचार करून तिनं ती उडवली. संध्याकाळी प्रोग्रामनं क्वेरी मागितली. ती नव्हतीच, म्हणून त्यानं काहीच गाळलं नाही आणि झाडून सगळ्यांना मेसेज पाठवून मोकळा झाला.

सकाळी वहिनीला स्वतःच्याच दवाखान्यात शिरायला वाट मिळेना. कुत्री मांजरांवर भुंकत होती, मांजरं मालकांच्या डोक्यावर चढत होती आणि पोपट दोघांचीही नक्कल करून आगीत तेल ओतत होता. बादलीत कासव घेऊन आलेल्या एक बाई तक्रार करत होत्या, की कासवाला लस असते हे आजवर कुणी बोललंच नाही. एक बोकड वजनकाट्यावर चढला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता.

वहिनीनं फोन केल्यावर नणंद चहा अर्धा टाकून धावत आली. कॉम्प्युटर बघताच तिला सगळं कळलं.

"वहिनी, तू क्वेरी उडवलीस?"

"उडवली कसली, आवरली."

"अगं, सगळा प्रोग्राम तिच्यावर चालतो."

"मग ती जागेवर आहे का, हे त्यानं आधी बघायला नको? मी सिरिंज भरायच्या आधी बाटलीत औषध आहे का बघतेच ना?"

क्वेरी जाऊन जाऊन जाणार कुठे, असं म्हणून नणंदेनं ती तपासणी लिहिलीच नव्हती.

एवढ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर काउंटरपाशी आले. त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं. आपला कुत्रा टिल्लू जाऊन वर्ष होत आलं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मेसेज आला, तेव्हा तुम्ही उगाच वाट बघत बसाल म्हणून सांगायला आलो, म्हणाले. नणंदेचा चेहरा पडला. तिनं माफी मागितली, तर त्यांनी हातानंच असू द्या म्हटलं आणि मागे वळून गोंधळाकडे पाहिलं. लगेच काही ते निघाले नाहीत. कुत्री उजवीकडे, मांजरं डावीकडे, अशा त्यांनी रांगा लावल्या. बोकडाला कानाला धरून खाली उतरवलं. कासववाल्या बाईंना लस नसली तरी तपासणी फुकट होईल असं परस्पर सांगूनही टाकलं, आणि वहिनीनं ते निमूट मान्य केलं.

दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा नणंदेनं त्यांना विचारलं, "टिल्लूची नोंद काढून टाकू का?"

ते म्हणाले, "असू दे. फक्त बोलावू नका."

नणंदेनं आधी टिल्लूच्या नोंदीत ते लिहिलं. मग क्वेरी परत बनवली आणि प्रोग्रामला शिकवलं, की आधी क्वेरी आहे का बघायचं, नसली तर कुणालाही मेसेज न पाठवता तिथंच थांबायचं आणि तसं सांगायचं. वहिनीचा भरवसा बसेना. तिनं मुद्दाम क्वेरी पुन्हा उडवून पाहिली. प्रोग्राम जागच्या जागी थांबला आणि स्क्रीनवर अक्षरं आली: 'क्वेरी सापडली नाही. एकही मेसेज गेलेला नाही. वहिनीला विचारा.'

वहिनीनं चष्मा लावून ते नीट वाचलं आणि शेवटचं वाक्य काढून टाकायला सांगितलं.

"बघते," नणंद म्हणाली, आणि लॅपटॉप मिटून घरी गेली.