माझ्या पोटातल्या भेंड्या

मी एक जुना फ्रीज आहे. माझ्या पोटात ठेवलेली वस्तू आजवर कधी खराब झाली नाही, मित्रांनो. अपवाद फक्त भेंड्यांचा. आणि या उन्हाळ्यात माझ्या पोटात भेंड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. टेलरमास्तरांच्या घरात माझा केवढा थाट! शेजारीपाजारी बर्फ मागायला यायचे आणि कौतुक करून जायचे. मास्तरांच्या बायकोने मला लेकरासारखं सांभाळलं. बाई कोमट पाण्याने माझ्या दाराचं रबर पुसायच्या. परसातल्या भेंड्या तोडून आणल्या की एकेक भेंडी फडक्याने कोरडी करायच्या, मगच माझ्या हवाली करायच्या. भेंडीला ओल सोसत नाही, हे त्या घरात फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. गेल्या थंडीत बाई गेल्या. राहिलो मी, आणि मला ते मास्तरांना सांगता येत नाही.

पुढे मास्तरांना डब्यात बाईंनी राखलेलं भेंडीचं बी सापडलं. बाई त्यातलं चिमूटभरच पेरायच्या. "तिने जपलेलं टाकू कसं?" म्हणत मास्तरांनी सगळं पेरलं. सगळं उगवलं. भेंडी आज तोडली नाही तर उद्या तिची काठी होते. मास्तर तोडत सुटले.

त्यातच मुलीचा फोन आला. "बाबा, एकट्याने झेपत नसेल तर सरळ सांगा. घर विकू, माझ्याकडे या."

"न झेपायला काय झालंय? रविवारी येऊन बघ. या घरात काडी वाया जात नाही!"

झालं! घर राहणार की जाणार, ते आता माझ्या पोटावर आलं.

मास्तर पिशव्या भरून गल्लीत निघाले. समोरच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं. "अहो मास्तर, परवाच्याच आहेत अजून. आमच्या ह्यांना आता चहासुद्धा बुळबुळीत लागतो." दुसऱ्या दिवशी तेवढंही दार उघडलं नाही. मास्तरांनी कडी वाजवली, तेव्हा आतला टीव्ही तेवढा बंद झाला.

मग एका सकाळी आमच्याच दारात कुणीतरी भेंड्यांची पिशवी ठेवून गेलं. "बघ, आपली आठवण आहे लोकांना," मास्तर मला म्हणाले. हल्ली ते माझ्याशीच बोलायचे. मग त्यांनी पिशवीची शिवण बघितली. ती त्यांचीच होती.

उरलेल्या सगळ्या भेंड्या त्यांनी चिरल्या. चिरल्यावर नळाखाली खळखळून धुतल्या. आणि निथळत्याच माझ्यात कोंबल्या. माझं रबर कधीच तडकलेलं, दार काही लागेना. पण मास्तरांनी जन्मभर न बसणाऱ्या कमरा बसवल्या होत्या. त्यांनी पायजम्याचं रुंद इलॅस्टिक माझ्या पोटाभोवती ताणलं आणि जागच्या जागी शिवून टाकलं. "आता कसं फिट्ट बसलं!"

रविवारी मुलगी आली. "बाबा, फ्रीजला चड्डी का घातलीय?"

"थंडी बाहेर जाते ना."

तिने कात्री लावली. मी फार धरून ठेवलं, मित्रांनो. पण दार फटकन उघडलं आणि हिरवा, तारा सुटलेला लगदा तिच्या पावलांवर ओघळला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि फरशी पुसत राहिली.

"आई आधी पुसून कोरड्या करायची ना, बाबा?"

"असेल," मास्तर म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही."

घर विकलं गेलं.

मित्रांनो, आपल्या फ्रीजचं रबर पुसत जा. भेंडी आधी धुवा, कोरडी करा, मग चिरा. आणि कुणी म्हातारं माणूस जास्तीची भाजी घेऊन आलं, तर भाजी घेऊ नका हवं तर, पण त्याला आत घ्या. भाजी द्यायला कुणी एवढ्या चकरा मारत नसतं.

आज भंगारवाला मला न्यायला आला. मास्तर एका बाजूने हात लावायला पुढे झाले. माझं दार निखळलं आणि त्यांच्या पायावर पडलं.