जाड कुशीचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. डोंगरवाटेवर चालणाऱ्या सायकलचा, मागच्या चाकाचा. जुना म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका हं! माझ्या अंगावरचे रबरी दात झिजले आहेत, उजव्या कुशीवर शिवणीचा व्रण आहे, पण मी अजून चाकावर आहे. माझ्याबरोबर दुकानात आलेले कितीतरी देखणे टायर कधीच भंगारात गेले. ते का गेले आणि मी का राहिलो, हे तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, तोही चांगल्याच तापलेल्या साच्यात. आमच्यात बाळाला अंगाईबिंगाई काही नसते. यंत्राचा दणका बसतो आणि बाळ टायर होऊन बाहेर पडतं. माझ्या कुशींमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना, विणलेल्या धाग्याचे जास्तीचे थर घातले होते. त्यामुळे मी जन्मजात जाड. मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या कुशीत बोट खुपसून पाहिलं, ते काही आत जाईना. त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, पाळण्यातच पैलवान!" मला वाटलं, वा, आता आपल्याला मागणीच मागणी.

कसली मागणी अन् कसलं काय! सायकलच्या दुकानात मला छताजवळच्या खुंटीला अडकवलं. समोर, हात पोचेल अशा ठिकाणी, सडपातळ टायर होते. कोणाला निळा पट्टा, कोणाला लाल. गिऱ्हाईक यायचं, त्यांच्यावरून हात फिरवायचं, "किती हलका आहे!" म्हणायचं आणि घेऊन जायचं. माझ्याकडे कोणी पाहिलंच, तर दुकानदार हसून म्हणायचा, "तो होय? तो आमचा जाडोबा." इतरांच्या अंगावर मूठभर मांस चढतं, माझ्या अंगावर मूठभर धूळ चढली. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी मधवाल्या बाई आल्या. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या वर डोंगरउतारावर होत्या आणि तिथे जायला एकच वाट होती, दगडांची. बाईंच्या खांद्यावर फाटका टायर होता आणि मागे त्यांचे यजमान. ते शिवणकाम करायचे, त्यामुळे त्यांचा डोळा आधी रंगावर जायचा.

"अगं, हा निळ्या पट्ट्याचा घे. वजन बघ, फुलासारखा! तुझे पाय दुखायचे नाहीत," शिंपीदादा म्हणाले.

बाईंनी खांद्यावरचा फाटका टायर काउंटरवर ठेवला. "अहो, हाही फुलासारखाच होता. फाटलाय कुठे ते बघा. दात शाबूत आहेत, कूस फाटली. त्याच्या आधीचाही असाच गेला. वाटेवरचे दगड खालून टोचत नाहीत, बाजूने कापतात."

"वाट तर खिडकीतून किती छान दिसते," शिंपीदादा पुटपुटले.

"दुरून डोंगर साजरे. तुम्ही एकदा चढून बघा."

मग बाई एकेक टायर हातात घेऊन त्याची कूस चिमटीत धरून पाहू लागल्या. निळा पट्टा चिमटीत कागदासारखा दुमडला. लाल पट्ट्याचंही तेच. शेवटी त्यांनी वर पाहिलं. "तो काढा बरं खाली."

"वहिनी, जाडोबा? अहो, चढावर पायांचे हाल होतील तुमच्या!" दुकानदार म्हणाला.

"पायांचं मी बघते. अर्ध्या वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते, त्यापेक्षा पाय दुखलेले बरे."

त्यांनी माझ्या कुशीला चिमटा काढला. मी दुमडलो नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी चिमटा काढला म्हणून मला आनंद झाला. माझ्यासारखाच दुसरा एक जाड्या पुढच्या चाकाला बसला. दोन्ही रिम सख्ख्या बहिणी, म्हणजे आम्ही दोघे साडू. साडू तो साडूच! वाट आधी त्याला दिसते म्हणून त्याचा तोरा, आणि बाईंचं, पेटीचं, मधाच्या डब्यांचं ओझं मात्र माझ्या पाठीवर. आमची कुरबुर चालायची, पण काम कधी अडलं नाही. एका ऋतूत किती दगड तुडवले याचा हिशेब नाही. साधं पंक्चरसुद्धा क्वचितच झालं. बाई घरी येऊन म्हणायच्या, "गुणाचा आहे हो माझा जाडोबा," आणि मी तिथल्या तिथे फुगायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. वरच्या पेट्यांमध्ये एक सगळ्यांत जुनी पेटी होती. बाईंच्या आईने लावलेली. बाकीच्या पेट्या तिच्यातूनच फुटून झालेल्या, म्हणून तिला सगळे 'आईची पेटी' म्हणायचे. एकदा पोळ्याची चौकट परत ठेवताना बाईंच्याच हाताखाली त्या पेटीतली राणीमाशी चिरडली. पेटीत अंडी घालते ती एकटी राणी. तीच गेली, तर नवी माशी जन्मत नाही आणि जुन्या हळूहळू संपतात. माश्यांनी स्वतः एक नवी राणी वाढवली, पण ती पहिल्या उड्डाणाला गेली ती परतलीच नाही. बाईंना जेवण गोड लागेना. "आईने जपलेली पेटी माझ्या हातून जाणार," एवढंच त्या म्हणायच्या.

शेवटी दूरच्या एका ओळखीच्या मधपाळाने नवी राणी पाठवली. काडेपेटीएवढ्या जाळीच्या डबीत राणी, तिच्या दिमतीला दोन-चार माश्या आणि दाराला साखरेच्या गोळीचं बूच. प्रवासात ती आधीच थकली होती. तिला त्याच दिवशी पेटीत सोडायला हवं होतं, आणि पायी जावं तर वर पोचेपर्यंत अंधार. बाईंनी डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीच्या उबेला ठेवली.

शिंपीदादा सकाळपासून माझ्यापाशी पंप घेऊन बसले होते. बायकोची एवढी महत्त्वाची फेरी, काही कमी पडायला नको! ते मारत राहिले, मारत राहिले. मी दगडासारखा टणक झालो. माझ्यावर टिचकी मारून ते म्हणाले, "हं, आता पंक्चर व्हायची बिशाद नाही!" त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही हो. पण मित्रांनो, ओबडधोबड वाटेवर टायरला थोडं दबता आलं पाहिजे. दगड आला की त्याला पोटात घेऊन पुढे जायचं, हे आमचं काम. टणक झालो की आम्ही चेंडूसारखे उडतो.

आणि तसंच झालं. पहिल्या चढापासून मी उडायला लागलो. बाई एक हात छातीवर धरून डबी सांभाळत होत्या, दुसऱ्या हाताने सायकल. वळणावर मी एका गोट्यावरून उडालो आणि घसरत थेट पातळ, धारदार दगडावर कुशीवर पडलो. चर्र! कळ अशी आली म्हणता! आतली ट्यूब फुटली. सायकल आडवी झाली, बाई गुडघ्यावर आदळल्या.

त्यांनी आधी गुडघा पाहिला नाही. खिशातून डबी काढून कानाला लावली. मी श्वास रोखून होतो. होता नव्हता तेवढा श्वास बाहेर पडला होता, तरीही. मग त्यांच्या तोंडून शब्द आला, "आहे गं बाई, आहे!" आणि माझ्या जिवात जीव आला.

ट्यूबला ठिगळ लावणं सोपं होतं, ते सामान पिशवीत होतं. पण माझ्या कुशीला बोटभर चीर पडली होती. तशीच हवा भरली असती तर ट्यूब चिरेतून बाहेर येऊन पुन्हा फुटली असती. आतून लावायला काहीतरी जाड हवं होतं. बाईंनी पिशवी उलटी केली. धूर द्यायचं भांडं, जाळीची टोपी, चामड्याचे हातमोजे. त्यांनी क्षणभर हातमोज्याकडे पाहिलं. मग चाकू काढला आणि त्याचा मनगटावरचा भाग कापून घेतला. तो चामड्याचा तुकडा त्यांनी माझ्या आत चिरेवर बसवला, ट्यूब घातली आणि हवा भरायला घेतली. जखम ताणली जाऊ नये म्हणून त्यांनी जेमतेम भरली. अंगठा लावला तर मी चांगलाच दबलो.

"एवढ्या हवेवर चालशील का रे?" त्या मला म्हणाल्या. आवाज रडवेला होता.

मला उत्तर देता येत नाही, म्हणून चालून दाखवलं. दुसरा पातळ टायर असता, तर एवढ्या कमी हवेत त्याची कूस लोळागोळा झाली असती. माझे जाड थर ताठ उभे राहिले. मी दगडांवरून दबत, धरत, चिकटत निघालो. उडणं नाही, आदळणं नाही. बाईंनी छातीवरचा हात काढून हँडल दोन्ही हातांनी धरलं. पुढचा साडूसुद्धा म्हणाला, "भले!" त्याने हा शब्द मला एकदाच दिला आहे.

वर पोचलो तेव्हा आईची पेटी कण्हत होती. राणी नसलेल्या माश्यांचा आवाज तसाच असतो. शिवाय त्या भयंकर चिडक्या होतात. बाईंनी टोपी घातली, उजव्या हातात तो कापलेला मोजा चढवला आणि झाकण उघडलं. उघड्या मनगटावर माश्या तुटून पडल्या. बाईंनी हात मागे घेतला नाही. अगदी सावकाश, धक्का न लावता, त्यांनी ती डबी दोन चौकटींमध्ये अडकवली आणि झाकण लावलं. मग एका दगडावर बसून खूप रडल्या. डंखांमुळे की कशामुळे, ते मला विचारू नका.

घरी शिंपीदादांनी सुजलेलं मनगट पाहिलं, माझी चीर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं. मीच पंप मारत बसलो."

"हो, तुम्हीच," बाई म्हणाल्या. "प्रेमाने भरलीत हवा. पुढच्या वेळी जरा कमी प्रेम भरा."

ते हसले नाहीत. सुई, जाड दोरा आणि आरी घेऊन बसले आणि त्यांनी माझी कूस शिवली, आतून दुहेरी कापड लावून. दुकानात त्यांना मी आवडलो नव्हतो, पण टाका एकही वाकडा घातला नाही. त्या दिवसापासून हवा अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय ते पंप खाली ठेवत नाहीत.

मग वाट पाहणं आलं. माश्या साखरेचं बूच खात खात राणीपर्यंत जातात, तोवर त्यांना तिच्या वासाची सवय होते. नाही पटली तर मारूनही टाकतात. एवढ्यात पेटी उघडायची नसते. बाई घरात भांडी आपटत होत्या, शिंपीदादा खाली मान घालून शिवत होते.

ठरलेल्या दिवशी शिंपीदादा म्हणाले, "मी पण येतो." ते पायी निघाले, बाई त्यांच्यासोबत सायकल ढकलत. निम्म्या वाटेवर त्यांनी दगडांकडे पाहून कपाळाला हात लावला. "या वाटेवर तू रोज येतेस?"

पेटी उघडली. आवाज शांत होता, पण राणी कुठे दिसेना. बाईंनी मधली चौकट उन्हाकडे धरली. बराच वेळ पाहिलं. जाळीमागे त्यांचे डोळे भरून आले होते. "मला काही दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "संपलं वाटतं सगळं."

"आण इकडे." शिंपीदादांना माश्यांची भयंकर भीती. तरी ते जवळ आले, उकिडवे बसले आणि सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक केले. मी चार पावलांवर आडवा पडून पाहत होतो. त्यांचे ओठ हलायला लागले.

"अगं... हे काय आहे? प्रत्येक घराच्या तळाला एकेक पांढरा टाका उभा आहे. एवढा एवढासा. हा बघ, हा बघ, इथेही आहे!"

बाईंनी डोळे पुसायला जाळी वर केली, तेही माश्यांच्या देखत. "अहो, ती अंडी आहेत!" त्या ओरडल्या. "ती अंडी आहेत! आईची पेटी जगली!"

मित्रांनो, टायर घ्यायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका, तुमची वाट कशी आहे ते आधी आठवा. आम्हाला उन्हात टाकू नका. आमच्यात हवा भरा ती आमच्या कामापुरती, तुमच्या काळजीपुरती नव्हे. आणि एखादी चीर पडली म्हणून लगेच फेकून देऊ नका, आधी आत हात घालून बघा, अजून किती थर शिल्लक आहेत. आईच्या पेटीत आता इतक्या माश्या झाल्या आहेत की तिची दुसरी पेटी करायची आहे, पलीकडच्या उतारावर. तिकडे वाट याहून वाईट आहे म्हणतात. शिंपीदादांनी काल मला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "हा नेईल." मी नेणार.