चारशे बाराचं उत्तर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चारशे बारा नंबरच्या प्रश्नाचं उत्तर आलं. आता यात बोंबलण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. बोंबलण्यासारखं एवढंच, की चारशे बारा नंबरचा प्रश्न आम्ही अजून विचारलाच नव्हता.

रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं. शेवटची नोंद चारशे अकरा, कालची, माझ्याच अक्षरात. मी चष्मा पुसून पाहिलं, मागची चार पानं चाळली. कशाचा कशाला पत्ता नाही.

दूरयान मंडळाच्या ‘न उलगडलेल्या घटना’ विभागात बावीस वर्षं मी हेच काम करते. यानाला प्रश्न पाठवायचे आणि उत्तरं उतरवून घ्यायची. संदेश पोचायला सहा तास, उत्तर यायला आणखी सहा. म्हणून आमची रीत अशी, की प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’त उत्तर देता येईल असाच विचारायचा, त्याला नंबर द्यायचा आणि यानावरून उत्तर येताना तोच नंबर यायचा. नंबर गाळायचा नाही. घरगुती तर एक अक्षर पाठवायचं नाही.

आणि हे उत्तर होतं: ‘४१२. हो, ताई.’

त्या यानावर मला ताई म्हणणारं माणूस एकच. माझी धाकटी बहीण, तिथली यंत्रं दुरुस्त करते. यान महिनाभर ‘डागा’च्या काठाशी थांबलं होतं. डाग म्हणजे आकाशातला एक काळा तुकडा. त्याच्या मागचे तारे दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत ते भल्याभल्यांना सांगता येत नाही. आत सोडलेली दोन यंत्रं परत आली नव्हती. आता माणूस जाणार होतं, जेमतेम एकजण मावेल एवढ्या छोट्या यानातून, आज संध्याकाळी साडेपाचला. कोण जातंय असं विचारल्यावर आमच्या धाकट्या बाईसाहेबांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणायची मुभा तिला होती. पण इथून तिला काही कळवायचं, तर संदेश अकराच्या आत निघायला हवा होता.

आमच्या विभागाचे साहेब उत्तराचा कागद घेऊन उभे राहिले. “बाई, तुम्ही काही खाजगी पाठवलंत का?”

“पाठवलं असतं तर सांगितलं असतं. घाबरते की काय मी कोणाला?”

मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे आमचे गणितज्ञ, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांनी वेळा तपासल्या. उत्तर यानावरून पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी निघालं होतं. यानाचं घड्याळ बरोबर, आमचंही बरोबर.

“म्हणजे हे डागामुळे झालं?” साहेबांनी विचारलं.

“असेल.”

“असेल म्हणजे? नक्की काय झालं?”

“ते मला कळलं असतं तर मी आजच निवृत्त झालो असतो,” मास्तर म्हणाले.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. साहेबांचा चेहरा मात्र एकदम खुलला. “अहो, उत्तर ‘हो’ आहे ना? मग चारशे बारामध्ये विचारून टाका, डाग निरुपद्रवी आहे का. झालं काम!”

“आणि धोकादायक आहे का, असं विचारलं तर?” मास्तर म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. “तरी हो.”

“मग?”

साहेब खाली बसले. मी म्हटलं, चारशे बारा राहू दे, सरळ चारशे तेरा पाठवू. तर साहेब दचकून म्हणाले, “नंबर कसा गाळणार? परवा तपासणी आहे!” आकाश फाटलंय आणि ह्यांना तपासणीची पडलीय. खरं सांगते, हात शिवशिवले माझे.

मास्तर माझ्याकडे बघत होते. “उत्तरात ताई आहे. म्हणजे प्रश्न मंडळाचा नाही, ह्यांचा आहे.”

मग साहेब उठले आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. “विचारा, बाई,” ते हळूच म्हणाले. “मी पाहिलं नाही.”

दहा चाळीस झाले होते. मला दुसरं काय सुचणार? मी लिहिलं: ‘४१२. परत फिरशील ना?’ उत्तर ‘हो’ आहे, आलेलं आहे, माझ्या हातात आहे. म्हणजे माझी पोर वाचली. पाठवायला मी हात पुढे केला.

“एक लक्षात घ्या,” मास्तर म्हणाले. “उत्तर ठरलेलं असलं, तरी देणारी तीच आहे. प्रश्न वाचून तिला जे लिहावंसं वाटेल तेच ती लिहिणार.”

आणि मला धस्स झालं. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती, मीच वाढवली तिला. तिने मला कधी ‘नाही’ म्हटलेलंच नाही. दूध प्यायलीस का? हो, ताई. आणि दूध खिडकीतल्या कुंडीत. घराजवळची नोकरी बघशील ना? हो, ताई. आणि यानाचा अर्ज तेव्हाच भरून झालेला. परत फिरशील ना? हो, ताई. आणि साडेपाचला ती जाणारच, वर माझ्याशी खोटं बोलल्याचं ओझं घेऊन एकटीच त्या काळोखात शिरणार.

मी ते पुसलं. साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. तिचं खरंखुरं ‘हो’ कशाला येईल? मी डोकं धरून बसले, आणि तसा प्रश्न मला एकच सापडला.

दहा छप्पनला मी पाठवला: ‘४१२. तुला मनापासून जायचंय का?’

रजिस्टरमध्ये नोंद केली. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, उत्तर तर टेबलावरच पडलं होतं.

“बाई, तिला थांब म्हणायचं होतंत,” साहेबांचा आवाज चिरकला.

“आजवर तेच म्हणत आले हो,” मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना. “तिला काय हवंय, ते आज पहिल्यांदा विचारलं.”