सुभेदारांचा ताठा

समीक्षाला सकाळी उठवायचं म्हणजे ओंडका हलवायचा. सांगलीत विश्रामबागला नोकरीपायी एकटी राहायची, तिथं बघायला कुणी नव्हतं. पण सुट्टीत फलटणजवळच्या गावी आली की पंचाईत. कंबर अशी आखडलेली, की भिंत धरून चालावं लागे. दुपारी मात्र हीच पोरगी उसाच्या बांधावरून तुरुतुरु पळायची.

"कामाच्या वक्ताला दुखणं, फिरायला मोकळी! फौजीची पोर हाईस न्हवं?" वडील म्हणायचे.

सयाजीराव सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या ताठ चालीचं गावाला कौतुक. 'सुभेदार देवापुढंबी वाकत न्हाईत,' असं कुणी म्हटलं की त्यांच्या मिशा फुलायच्या.

शेवटी मिरजेच्या डॉक्टर अंकितांनी समीक्षाचं दुखणं ओळखलं. मणक्यांना सूज आणणारा संधिवात. पडून राहिलं की वाढतो, हालचाल केली की उतरतो. समीक्षाला आधी हायसंच वाटलं. आपण आळशी नव्हतो तर! हा आजार घराण्यात कसा उतरतो, यावर अंकिता संशोधन करत होत्या. त्यासाठी रुग्णांचे नातलग तपासायचे होते.

"वडिलांना आणाल?"

"आणते. पण ते तुम्हालाच शिस्त लावतील."

सयाजीराव आले, ते तावातच. अंकितांनी त्यांना भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोकं मागं टेकवायला सांगितलं. डोकं काही टेकेना. दात आवळून जोर लावला, तरी चार बोटं अंतर राहिलंच.

"आवं डॉक्टरबाई, भिंतच वाकडी हाय तुमची."

समीक्षानं ओढणी तोंडावर धरली.

"बरं, पुढं वाका."

"फौजी वाकत न्हाई."

"वाकत नाही, की वाकता येत नाही?" अंकितांनी हळूच विचारलं.

सयाजीरावांनी नजर भिंतीकडं वळवली. मग म्हणाले, "शेवटचं कवा वाकलो, ध्यानात न्हाई."

एक्स-रेत दिसलं. मणके एकमेकांना जुळून सलग झाले होते. गावानं ज्याला बाणा म्हटलं, तो आजार निघाला.

दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर बापलेक उभे राहिले.

"समे, सकाळी लय धरतंय का गं?"

"व्हय आबा."

"मी फौजेत सगळ्यांच्या आदी उठायचो. लोकं म्हनायची, काय शिस्तीचा गडी! खरं तर अंग मोकळं व्हायलाच तेवढा येळ लागायचा. कुनी बघू ने म्हनून उठायचो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुला बोलायला नको हुतं."

समीक्षानं त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

औषध आणि व्यायामानं ती महिन्याभरात बरीच सुटसुटीत झाली. सयाजीरावांचे जुळलेले मणके सुटणार नव्हते, पण दुखणं उतरलं. मग सुभेदार मोहिमेवरच निघाले. गावभर विचारपूस करून त्यांनी भावकीतली माणसं जीपगाडीत कोंबली आणि मिरज गाठली. नातलग मिळत नाहीत म्हणून हैराण झालेल्या अंकिता बघतच राहिल्या.

सुई बघून सयाजीरावांचा धाकटा भाऊ आकाराम मागं सरला. "दादा, मला तर कायबी हुत न्हाई. माझं रगात कशाला?"

"संशोधनाला धडधाकट माणसं बी लागत्यात. हात फुडं कर रं!"

आकारामनं डोळे गच्च मिटले आणि हात पुढं केला.