मोएतिनीचं पेव

मोएतिनी जन्मला तेव्हा त्याच्या आईने, ताहिआने, घरामागे त्याच्या नावाचं पेव खणलं. आत पानांचं अस्तर, त्यात ठेचलेला नीरफणस, वर पुन्हा पानं आणि दगड. मार्केसस बेटांवरच्या आया असंच करत आल्या. पोराच्या लग्नात ते वर्षानुवर्षं मुरलेलं आंबवण काढायचं, मळायचं, गावाला वाढायचं. लग्न नशिबात नसेल तर दुखवट्याच्या जेवणाला काढायचं. पेव उघडायला तिसरं कारण नाही.

चार वर्षांपूर्वी मोएतिनीची होडी मासेमारीवरून परतली नाही. गाव रडलं, पाद्र्याने प्रार्थना म्हटली. ताहिआने पेवाला कुणाला हात लावू दिला नाही. "पोहता येतं त्याला," एवढंच म्हणायची. शेजारीण तेहिनी टोमणा मारायची, "तुझ्या पेवाची वाट बघता बघता माझे दात पडले गं." ताहिआ हसून सोडून द्यायची. हट्टी बाई, दुसरं काय.

धाकटी लेक पुआतेआ शिकून आली होती. मातीत काय सापडतं, म्हातारे काय सांगतात, दूरच्या बेटांवर कशाला काय म्हणतात, हे सगळं जुळवून ती आणि तिचे सोबती पूर्वजांचं जगणं शोधत होते. त्या संध्याकाळी ती कोपरापर्यंत मातीने माखूनच घरी आली.

"आई, डोंगरावरच्या जुन्या घराच्या ओट्यापाशी पेव सापडलं. शेकडो वर्षांचं असेल. सामोआतही पेवं असतात, शब्दही आपल्यासारखाच. पहिल्या होड्यांतूनच आली ही रीत."

ताहिआ मासे साफ करत होती. "रिकामं होतं?"

"तेच तर नवल. भरलेलं होतं. दगडही हलले नव्हते. लढाईत पळाले असतील लोक."

"चूल नव्हती शेजारी?"

"आहे ना. राखेवर राख साचलीय, पुढे कितीतरी वर्षं राहिलेत तिथे..." पुआतेआ बोलता बोलता थांबली. तिची नजर घरामागे गेली.

"आता कुठंय ते?"

"उघडलं, आई. सकाळीच. पिशव्यांत भरलं."

ताहिआने सुरी खाली ठेवली. "इतकी वर्षं ते पेव जपणाऱ्या बाईचा पोरगा समुद्रावर होता गं. आज तुम्ही त्याला मारलंत."

ताहिआ उठली, घरामागे गेली आणि पेवावरचे दगड उचलू लागली.

"आई, राहू दे. मी कुणाला हात लावू देणार नाही."

"तू तरी कुठवर पुरणार? माझ्यामागे कुणीतरी परकं येईल पिशव्या घेऊन. त्यापेक्षा माझ्या हातानं होऊ दे."

पानं निघाली तसा आंबट वास अंगणभर पसरला. ताहिआने आंबवण काढलं, पानांत बांधून भाजलं आणि ताज्या नीरफणसाबरोबर कुटायला घेतलं. पहिल्या घावालाच तिचा बांध फुटला. चार वर्षांचं रडू होतं ते. ती रडत राहिली, पण हात थांबू दिला नाही.

पहिला घास तिने लेकीच्या तोंडाशी धरला.

"खा. भाऊ गेला तुझा."

पुआतेआने रडत रडत तो गिळला. ताहिआने पुन्हा बत्ता उचलला.

"आणि तेहिनीला हाक मार," ती म्हणाली. "फार वाट बघायला लावली मी तिला."