शांतवनच्या हातातली ताटली

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की शांतवन दिवस मोजू लागायचा. त्या दिवशी नगरहून पाळकसाहेब एसटीने यायचे आणि नेवाशाजवळच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतला पाव सगळ्यांनी मिळून खायचा विधी व्हायचा. प्रभुभोजनाच्या आधी तीन दिवस बायकोला शिवायचं नाही, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. तो ना पाळकसाहेबांनी सांगितला होता, ना मंडळीच्या पंचांनी. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेल्या माणसाने देवाशी असले करार करू नयेत, पण शांतवन पडला शाळामास्तर. त्याला सांगणार कोण?

सात महिने त्याने ओसरीवर अंथरूण टाकून निभावलं. बायको, जयमाला, नुसती हसायची. या खेपेला मात्र पंचांनी पावाची ताटली फिरवायचा मान त्याला दिला. पंचविशीतल्या पोराला असा मान आजवर मिळाला नव्हता. शांतवनची झोपच उडाली.

आणि नेमका शनिवारी दुपारी घात झाला. सकाळची शाळा सुटून तो घरी आला, तेव्हा जयमाला न्हाऊन केस पुसत होती. "जेवता का?" एवढंच तिने विचारलं. जेवण तसंच झाकलेलं राहिलं.

तासाभराने तो दोन बादल्या गार पाणी अंगावर ओतून आत आला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. स्वतःवरचा सगळा राग त्याने तिच्यावर काढला. "तुझ्यापायी इटाळ झाला मला. आता उद्या कोन्त्या तोंडानं ताटली धरू?"

जयमालाचा हात केसांतच थांबला. मग ती उठून ताटं वाढायला गेली, आणि त्याला तेच बरं वाटलं. गाढवच म्हणायचा.

मग त्याचा जीव टांगणीला लागला. ताटली नको म्हणावी, तर पंच कारण विचारणार. कारण सांगावं, तर गावभर हसू होणार. न सांगता पाव खावा, तर देव बघतोय. संध्याकाळच्या तयारीच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसले आणि हा एकटा उघड्या डोळ्यांनी घाम पुसत राहिला. शेवटी त्याने ठरवलं : ताटली फिरवायची, पण आपण तुकडा उचलायचा नाही. कोणाच्या लक्षात येतंय?

रविवारी मंडळीचं देऊळ भरलं. ताटली घेऊन तो रांगांमधून फिरू लागला. रीत अशी, की प्रत्येकाने एकेक तुकडा हातात धरून थांबायचं आणि पाळकसाहेबांनी सांगितल्यावर सगळ्यांनी मिळून खायचा. जो घेत नाही, त्याच्या मनात पाप किंवा कोणाशी वैर, हे पोरासोरांनाही ठाऊक.

बायकांच्या बाजूला तो जयमालापुढे आला. तिने हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

शांतवनला वाटलं, तिला कळलं नसेल. "घे," तो पुटपुटला.

"मला कसा चालंल?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझाच इटाळ ना?"

मागच्या बायका कुजबुजू लागल्या. नवी नवरी तुकडा घेत नाही म्हणजे काय केलं असेल हिने? तो पुढे सरकला असता, तर ते सगळं तिच्या माथी बसलं असतं आणि हा पवित्र राहिला असता. शांतवन तिथेच उभा राहिला.

"थांबलास का रं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"साहेब, हिचं काय बी चुकलं न्हाई." आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्या नवऱ्याच्या हक्कानं जवळ केली, अन् म्याच हिला इटाळ म्हनलो."

 मग सत्तरीची लंकाबाई बसल्या जागेवरून कडाडली, "आरं, त्या एका शबदापायी आपल्या म्हाताऱ्यांना गावच्या आडावर पानी मिळत नव्हतं! त्यो सोडून हितं, येशूकडं आलो आपन. आन् तू त्यो घरात घेऊन आलास, बायकोसाठी?"

 पाळकसाहेब वाट पाहत उभे राहिले.

जयमालाने मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर त्याच्यावर रोखलेली होती. "तुमी घेनार का?"

शांतवनने नजर ताटलीकडे वळवली. तो स्वतः तुकडा उचलणार नाही, हे तिने ओळखलं होतं.

तिने ताटलीतला एक तुकडा उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला. "तुमी घेनार नसाल, तर मी बी न्हाई घेनार."

देवाची भीती अजून गेली नव्हती. दोन्ही हात ताटलीत अडकलेले. सगळी मंडळी बघत होती, आणि कालची दुपार सगळ्यांना कळली होती. शांतवनने ताटली एका हातावर घेतली आणि दुसरा हात बायकोपुढे पसरला.