बाथरूम हद्दीबाहेर

वर्ननच्या पायात कडं होतं. तुरुंगातून सोडताना घातलेलं. घराबाहेर पाऊल टाकलं की ते बोंबलायचं, "तुम्ही हद्दीबाहेर आहात!" आमच्या अख्ख्या ट्रेलर पार्कला, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीला, ऐकू जायचं.

अडचण एवढीच होती की वर्नन बाथरूममध्ये गेला तरी ते बोंबलायचं.

हद्द म्हणजे एक गोल. कागदावर पत्ता पार्कच्या ऑफिसचा, म्हणून गोलाचा मध्य खाली ऑफिसात. वर्ननचा ट्रेलर चढावर, गोलाच्या कडेला. स्वयंपाकघर आत, बाथरूम बाहेर.

त्यानं देखरेखवाल्या बाईंना फोन केला.

"गोल आम्ही नाही काढत," बाई म्हणाल्या. "कंपनीचा कॉम्प्युटर काढतो."

"मग कंपनीला सांगा ना."

"कंपनी म्हणते, जजसाहेबांनी मंजूर केलाय."

"मग जजसाहेबांना?"

"ते म्हणतात, कंपनीला कळतं. आणि हे बघा, अजून एकदा वाजलं तर परत आत."

वर्ननने स्वयंपाकघरात बादली ठेवली.

तीही चालली असती. पण रविवारी त्याची पोरगी टेसा यायची होती, आठ वर्षांची. बरोबर बालकल्याणवाल्या बाई. घर ठीक वाटलं तर टेसा बापाकडे राहणार, नाहीतर परक्या घरी. वर्नन खिडकीतून मला म्हणाला, "ओट्याखाली बादली बघून कोण देईल रे पोरगी?" हसायला गेला, पण जमलं नाही.

तेव्हा शेजारचा ड्वेन पेटला. चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा आठवडा, त्याच्या पिकअपवर दोन झेंडे, बनियनवर एक.

"माणूस स्वतःच्या देशात मुतू शकत नाही? अरे, घराला चाकं कशाला असतात? गोल हलत नाही ना? मग घर हलवू!"

"मी बाहेर येऊ शकत नाही, ड्वेन."

"तू आतच बस, लेका. कॉफी पी."

रविवारी सकाळी आम्ही घराखालचे ठोकळे काढले, पायऱ्या बाजूला केल्या, नळ-वायरी सोडवल्या आणि ट्रेलर ड्वेनच्या पिकअपला अडकवला. फक्त दहा फूट खाली ओढायचा होता. वर्नन टेबलाशी कॉफी घेऊन बसला.

पहिले पाच फूट झकास गेले. मग हुकाची खीळ तुटली.

ड्वेनने पिकअप बाजूला घेतला म्हणून वाचला. घर त्याला ओव्हरटेक करून गेलं. खिडकीत वर्नन दिसला, दोन्ही हातांनी टेबल धरलेला. उतारावर एका जागी अख्खं घर, बाथरूमसकट, गोलाच्या आत होतं. तेवढा वेळ तो कायद्याने पूर्ण मोकळा होता. मग ऑफिस मागे पडलं, गोल संपला आणि कडं बोंबललं. घर रस्ता ओलांडून समोरच्या मक्याच्या शेतात घुसलं आणि तिरकं होऊन थांबलं.

आम्ही पळत पोचलो, पाठोपाठ पोलीस.

"बाहेर ये!" पोलीस ओरडला.

"नाही येणार! घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, तुमचाच नियम!" आतून आवाज आला. "मी एकदाही बाहेर पडलो नाही! विचारा यांना!"

"तू हद्दीबाहेर आहेस!"

"मी स्वयंपाकघरात आहे!"

मी म्हटलं, "साहेब, खरंच आहे." पोलिसाने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. ड्वेन झेंड्याच्या बनियनमध्ये नुसता रडत होता.

तेवढ्यात वर पार्कात एक गाडी थांबली. टेसा उतरली, नवा फ्रॉक घालून. रिकाम्या जागेवर चार ठोकळे, आणि बाजूला कुठेच न जाणाऱ्या तीन पायऱ्या. बालकल्याणवाल्या बाईंनी तिला फोन लावून दिला. आत, तिरक्या घरात, वर्ननचा फोन वाजला. खिडकी फुटलेली, त्यामुळे आम्हाला त्याचं सगळं ऐकू येत होतं.

"अगं, मी घरीच आहे, राणी," तो म्हणत होता. "कुठेच गेलो नाही. तू बस तिथे पायरीवर. बाबा घरीच आहे."

टेसा पायरीवर बसली. इकडे पोलिसांनी दार तोडायला घेतलं.